फीडरवरच्या मुनियांचे फोटो धूसर येतात, लेन्स बदलू का?

अंगणवाला:
कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स ५५-२५० मिमी एसटीएम. फीडर (पक्ष्यांसाठी दाण्यांचं भांडं) पेरूला टांगलाय, आत बाजरी आणि राळं. ठिपकेवाल्या मुनिया थव्याने येतात. शटर १/५०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/५.६, खिडकीतून अडीच मीटरवर. उडतानाचे सोडाच, बसलेल्याही धूसर. लेन्स बदलावी का?

पाणवठा:
लेन्स राहू द्या. पक्ष्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरला तरी १/५०० मध्ये तो ६ मिलिमीटर सरकतो. अख्खी मुनिया ११-१२ सेंटिमीटरची. बसलेल्यांसाठी १/१२५०, उडतानासाठी १/३२००. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कमाल ६४००. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेल्या फोटोला औषध नाही.

बसलेल्या धूसर येतात त्याला कारण फीडरचं झुलणं. २५० मिमीला अडीच मीटरवर एफ/५.६ ठेवलं की फोकसची खोली (स्पष्ट येणारा पट्टा) जेमतेम २ सेंटिमीटर. फीडर खांबावर घट्ट बसवा. आणि नऊही फोकस पॉइंट चालू असतील तर कॅमेरा बहुतेकदा पुढची फीडरची जाळीच पकडतो. फक्त मधला पॉइंट, आणि एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर फोकस सतत जुळवत राहणारा मोड).

राळं-बाजरी:
मी तर म्हणेन फीडरवरचा फोटो काढूच नका, प्लास्टिक दिसतं! करंगळीएवढी वाळकी फांदी फीडरपासून हातभर अंतरावर बांधा. फीडरच्या बसायच्या काड्या कमी करा, म्हणजे नंबर लागेपर्यंत बाकीच्या फांदीवर थांबतात. फांदी आणि फीडर कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. मुनिया झेपावते ती दाण्यांकडे, त्यामुळे ती फोकसमधून फारशी बाहेर जात नाही. फांदीवर आधीच फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसला टाका, एफ/८ ठेवा. अंग आवळून खाली दबली की बटण दाबा. उडाल्यावर दाबाल तर रिकामी फांदीच मिळेल.

अडीच मीटरवर फ्रेम जेमतेम २२ सेंटिमीटर रुंद, पंख कापले जातात. उडतानासाठी ४ मीटर अंतरापर्यंत मागे सरका.

पाणवठा:
एफ/८ कोवळ्या उन्हात ठीक. ढगाळ हवेत १/३२०० ला आयएसओ भलताच चढेल, तिथे ५.६ च बरं.

अंगणवाला:
मध्ये काच आणि डासांची जाळी आहे, हे सांगायचं राहिलं. शिंजिरांसाठी (फुलांतला मध पिणारे सूर्यपक्षी) साखरपाणी ठेवू का?

पाणवठा:
मग निम्मा धूसरपणा त्या जाळीचाच! जाळी काढा, काच सरकवा, उघड्या जागेत गडद कापड ताणून लेन्सपुरतं भोक ठेवा. अडीच मीटरवरून बिचकून उडालेला पक्षी काचेवर आपटण्याचा धोकाही टळतो. उरलेल्या काचेवर बाहेरून दर ५ सेंटिमीटरला ठिपके चिकटवा.

राळं-बाजरी:
साखरपाणी नको. उन्हात आंबतं, मुंग्या लागतात. हमेलियाचं फुलझाड नाहीतर जास्वंद लावा, शिंजीर आपणहून येतील. नराच्या गळ्याची चमक हवी तर ऊन तुमच्या पाठीशी असू द्या, नाहीतर तो नुसता काळा दिसतो.