शिवारात बार उडवले, म्हणजे खाली तेल आहे का?

तापीकाठचा: यावलकडे आमची केळी. हिवाळ्यात सर्व्हेवाले आले, बांधावरून केबल ओढली, भोकं पाडून बार उडवले आणि गेले. आता पारावर एकच विषय, तेल लागलं! चुलत्यांनी तर ठरलेला जमिनीचा सौदा मोडला. यांना खालचं नेमकं दिसतं काय?

जुना ऑब्झर्व्हर: तेल नाही दिसत हो. मी बावीस वर्षं सौराष्ट्रात रेकॉर्डिंगच्या गाडीत बसलो. बार उडाला की लाट खाली जाते, थरांवर आपटून परतते, ती किती मिलिसेकंदांनी जिओफोनला (जमिनीत रोवलेल्या, कंप टिपणाऱ्या यंत्राला) पोचली एवढंच आम्ही नोंदायचो. त्यावरून थरांचा आकार काढायचा. समुद्राखालचा मुंबई हायचा उंचवटा असाच कळला. तेल मात्र १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या रिगनं भोक पाडल्यावरच.

तिथं तेलाचा चुनखडक बेसाल्टच्या वर आहे, म्हणून जमलं. आपल्याकडे तेलाजोगा गाळ, म्हणजे जुना गाळाचा खडक, असलाच तर काळ्या दगडाखाली, म्हणजे बेसाल्टखाली. पठारावर विहीर खणताना पाषाण, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा दगड), मग तांबडा बोळ (लाल मातकट थर), पुन्हा पाषाण लागतो ना? प्रत्येक थर आपापला प्रतिध्वनी देतो. लाटेचा बराचसा जोर वरच्या वरच संपतो आणि खालच्या गाळाचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. रात्र रात्र तो कागद बघून डोळे चुरचुरायचे.

म्हणून जोडीला गुरुत्वमापन करतात, कारण गाळ बेसाल्टपेक्षा हलका. शिवाय मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे जमिनीतून वीज किती सहज वाहते ते मोजणं: खारं पाणी मुरलेल्या गाळातून वीज सहज वाहते, घट्ट बेसाल्टमधून नाही. तिन्ही जुळले तरच ड्रिलिंगचा खर्च. राजकोटजवळ लोधिकाला सुमारे दीड किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर मेसोझोइक (डायनोसॉरच्या काळातला) गाळ लागला होता.

भूगोलवाला: पण किल्लारीला? भूकंपानंतरच्या बोअरमध्ये ३३८ मीटर बेसाल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळ आणि लगेच पायाचा खडक.

जुना ऑब्झर्व्हर: बरोबर. कोयनेला तर तेवढाही नाही, थेट ग्रॅनाइट. नर्मदा-तापी पट्ट्यात मात्र खोल भूकंपमापनात (बार उडवून केलेल्या अशाच, पण जास्त खोलवरच्या मोजणीत) बेसाल्टखाली गाळ दिसलाय, म्हणून तुमच्याकडे फेऱ्या. पण गाळ म्हणजे तेल नव्हे! तेल पिकवणारा खडक हवा, साठवणारा हवा, वर झाकण हवं. चुलत्यांना सौदा पुरा करायला सांगा.

तापीकाठचा: सांगतो, ऐकतील तर. बांधावर लाल फडक्याची एक खुंटी राहिलीय, उपटू का?

जुना ऑब्झर्व्हर: उपटा. आमच्या वेळी अशी खुंटी राहिली की गावातली पोरं पतंगाच्या शेपटीला फडकं न्यायची.