उसोग, पास्मा आणि फिलिपिन्समधील आदिवासींची आजाराची कल्पना

प्रश्न (विद्यार्थिनी, कोथरूड)

मी पुण्यात मानवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून फिलिपिन्समधील आदिवासींच्या आजारविषयक समजुतींवर निबंध लिहीत आहे. तिथे उसोग नावाचा आजार मानतात: अनोळखी माणसाने तान्ह्या मुलाचे कौतुक केले की मूल किरकिरते, त्याला ताप येतो, पोट फुगते, त्याच माणसाने आपली थुंकी मुलाच्या पोटाला वा कपाळाला लावली की उतार पडतो. आपल्याकडची दृष्ट आठवल्यावाचून राहत नाही. हा आदिवासींचा आजार म्हणून मांडावा का?

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ)

तसे मांडू नये. उसोग शहरांतील ख्रिस्ती कुटुंबांतही सर्रास मानला जातो. पास्मा या आजाराचेही तेच, इस्त्रीने तापलेले हात लगेच गार पाण्यात घातले तर ते थरथरतात आणि तळव्यांना घाम सुटतो, असे मानतात. आदिवासींविषयी लिहायचे तर नेमका समाज निवडावा. उत्तर लुझोनमधील इफुगाओंचा मुंबाकी हा पुरोहित आजारपणात पूर्वजांना आणि देवतांना आवाहन करतो, कोंबडी वा डुक्कर बळी देतो आणि कोंबडीच्या पित्ताशयावरून शकुन पाहतो, कारण त्यांच्या दृष्टीने आजार हा पुष्कळदा दुखावलेल्या नात्याचा परिणाम असतो. मला मात्र मिंडानाओ बेटावरील सुबानुन आदिवासी अधिक महत्त्वाचे वाटतात. त्वचेच्या विकारांची त्यांची बारीक वर्गवारी मानवशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रेक यांनी १९६१ मध्ये मांडली, आणि हे निदान केवळ जाणकारांच्या हाती नसून साधी प्रौढ माणसेही ते करतात, हे त्यांनी दाखवले. अशा ज्ञानाला सरसकट अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद (परिचारिका, हडपसर)

ताई, वनस्पतींचाही विचार करा. तिथला लागुंडी म्हणजे आपली निर्गुडी. खोकल्यावरील औषध म्हणून तिथल्या आरोग्य खात्याने तिला मान्यता दिली आहे. १९९७ च्या कायद्याने पारंपरिक उपचारांच्या संशोधनासाठी सरकारी संस्था उभी राहिली, तर त्याच वर्षीच्या आदिवासी हक्क कायद्याने पारंपरिक औषधांच्या ज्ञानावरील त्यांचा अधिकार मान्य केला. तरीही तान्ह्या मुलाचा ताप उसोग समजून घरी अंगावर काढणे धोक्याचे आहे, हे निबंधात स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ती

सर, ताई, मनापासून आभार. निबंध आता सुबानुनांपुरता ठेवते. उसोग आणि दृष्ट यांची तुलना स्वतंत्रपणे करीन.