मदत हवी आहे: ‘टिग’मध्ये एका ओळीचा खरा मूळ बदल कसा शोधावा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहतो आणि लासलगाव येथील एका कांदा व्यापाऱ्यांच्या हिशेबपट्टीच्या प्रोग्रामची देखभाल करतो. मालाचे वजन आणि लिलावात ठरलेला भाव टाकला की हमाली, तोलाई व वाराई वजा करून शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी छापणे, एवढेच त्या प्रोग्रामचे काम आहे. तो मूळचा माझा नाही. माझ्याआधी दोघांनी तो सांभाळला असून त्यांच्याशी आता संपर्क नाही, त्यामुळे जे काही विचारायचे ते गिटमधल्या (फायलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) इतिहासालाच विचारावे लागते.

पंधरा दिवसांपूर्वी एका शेतकऱ्यांनी स्वतः हिशेब मांडून विचारले की, कपात सत्तर रुपये होत असताना पट्टीवर एकाहत्तर कसे आले. त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. हमाली ४७.६०, तोलाई १२.५५ आणि वाराई ९.७० यांची बेरीज ६९.८५ होते, म्हणजे पूर्ण रुपयात ७०. प्रोग्राम मात्र प्रत्येक रक्कम आधी पूर्ण रुपयात नेतो आणि मग ४८, १३ व १० यांची बेरीज करून ७१ कापतो. फरक एका रुपयाचा असला तरी तो रुपया शेतकऱ्याचा आहे, आणि हे नेमके कोणत्या दिवसापासून सुरू झाले ते कळल्याशिवाय जुन्या कोणत्या पट्ट्या तपासायच्या हे मी व्यापाऱ्यांना सांगू शकत नाही.

रेपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रामच्या फायली आणि त्यांच्या इतिहासाचा साठा, व्यापाऱ्यांच्या गाळ्यावरच्या एका जुन्या संगणकावर आहे. त्याला मॉनिटर जोडलेला नाही आणि तेथील इंटरनेट मंद असल्यामुळे मी घरून एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या सोयीने) आत जाऊन सगळे काम टर्मिनलमध्येच, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर, करतो. त्यासाठी गिटचा इतिहास टर्मिनलमध्ये दाखवणारा टिग वापरू लागलो आहे. गिटची अक्षरे उलटी करून नाव ठेवलेला हा प्रोग्राम जोनास फोन्सेका यांनी २००६ साली सुरू केला, आणि एवढ्या मंद जोडणीवरही तो झटपट चालतो याचे मला खरोखर कौतुक वाटते. कमिटांची, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांची, यादी पाहणे, एंटर दाबून खालच्या अर्ध्या पडद्यावर त्या कमिटातला बदल वाचणे, ‘टी’ दाबून त्या वेळच्या फायली उघडणे, हे आता हातात बसले आहे. अडचणी पुढे येतात.

पहिली आणि मुख्य अडचण ब्लेमची, म्हणजे कोणती ओळ कोणत्या कमिटात शेवटची बदलली हे दाखवणाऱ्या सोयीची, आहे. रक्कम पूर्ण करणाऱ्या ओळीवर ‘बी’ दाबून पाहिले, तर तीच काय, फाइलमधील जवळजवळ प्रत्येक ओळ एकाच कमिटाच्या नावावर दिसते. त्या कमिटात कोणीतरी सर्व फायलींतील टॅब काढून त्या जागी स्पेस घातल्या आहेत. ओळीवर उभे राहून स्वल्पविराम दाबला की त्या कमिटाच्या आधीची अवस्था उघडते हे मला माहीत आहे, पण तसे तीन-चार वेळा केले की मी कोठे होतो हेच समजत नाही. शिवाय एका टप्प्यावर ही फाइलच नव्याने जन्माला आलेली दिसते, म्हणजे मजकूर आधी दुसऱ्या कोणत्या तरी फाइलमध्ये असणार.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. आधीच्या मंडळींनी कमिटचे संदेश मराठीत लिहिले आहेत, ही त्यांची मोठी कृपा आहे. पण टिगमध्ये वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात, रकाने सरकतात, आणि ‘हिशेब’ या शब्दाने सुरू होणारे फाइलचे नाव डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींतील फरक दाखवणाऱ्या मजकुरात) ३४०, २४४, २७१ अशा आकड्यांच्या माळेसारखे दिसते.

तिसरी अडचण लहान आहे. माझी दुरुस्ती आणि तपासणीसाठी तात्पुरत्या घातलेल्या ओळी एकाच फाइलमध्ये आहेत. स्थितीच्या पडद्यावर ‘यू’ दाबले की पूर्ण फाइल स्टेज होते, म्हणजे पुढच्या कमिटासाठी निवडली जाते. फक्त दुरुस्तीच्या ओळी कशा निवडाव्यात?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (गोदाकाठ)

नमस्कार. तुमच्या मुख्य अडचणीचे उत्तर टिगमध्ये नसून गिटमध्ये आहे. टिग स्वतःचा वेगळा इतिहास ठेवत नाही. तो मागे गिटचेच आदेश चालवून आलेले उत्तर पडद्यावर मांडतो. त्यामुळे ‘गिट ब्लेम’ला जे पर्याय देता येतात, ते ‘टिग ब्लेम’लाही फाइलच्या नावाआधी देता येतात.

टॅब आणि स्पेस यांच्यातील फरक सोडून देण्यासाठी हायफन आणि स्मॉल डब्ल्यू द्यावा. तेवढ्याने तो सर्वत्र पसरलेला कमिट बाजूला होईल आणि ओळींचे खरे धनी दिसू लागतील. मजकूर दुसऱ्या फाइलमधून आला असल्याचा जो संशय तुम्हाला आहे, त्यासाठी हायफन आणि कॅपिटल सी आहे. तो एकदा दिला, तर गिट त्याच कमिटात बदललेल्या इतर फायलींमध्ये शोध घेते. दोनदा दिला, तर फाइल ज्या कमिटात जन्मली त्या कमिटातील इतर फायलीही पाहते. तीनदा दिला, तर कोणत्याही कमिटातील फायली चाळते. जितके जास्त, तितका वेळ अधिक लागतो. तुमच्या वर्णनावरून दोनदा देणे पुरेसे ठरावे. रोज लागणार असेल, तर होम फोल्डरमधील टिगआरसी या टिगच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ब्लेम-ऑप्शन्स’ या नावाने हे पर्याय कायमचे लिहून ठेवता येतात.

फॉरमॅटिंगच्या कमिटात स्पेसखेरीज अवतरणचिन्हेही बदलली असतील, तर स्मॉल डब्ल्यू पुरणार नाही. अशा वेळी त्या कमिटाचा पूर्ण ४० अक्षरी हॅश (गिटने दिलेली त्याची ओळखखूण) एका साध्या फाइलमध्ये लिहावा आणि गिटच्या ‘ब्लेम.इग्नोअररेव्हजफाइल’ या सेटिंगमध्ये त्या फाइलचे नाव द्यावे. ही सोय गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून आहे. गाळ्यावरचा संगणक जुना आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आधी आवृत्ती तपासावी.

स्वल्पविरामाने मागे मागे जाताना वाट चुकली, तर शिफ्ट धरून तीच कळ दाबावी. त्याने ‘पेक्षा लहान’चे चिन्ह (<) उमटते आणि टिग आधीच्या जागी परत आणतो. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण ‘क्यू’ दाबून बाहेर पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

तिसऱ्या अडचणीविषयी: स्थितीच्या पडद्यावर फाइलवर एंटर दाबून तिच्यातील बदल उघडावेत. तेथे ‘यू’ दाबल्यास तो सलग तुकडा स्टेज होतो आणि ‘१’ दाबल्यास कर्सरखालची एकच ओळ होते. बदललेली ओळ डिफमध्ये वजा आणि अधिक अशा दोन ओळींनी दिसते, म्हणून दोन्हींवर ‘१’ दाबावे लागते. फक्त अधिकची ओळ घेतलीत, तर कमिटात जुनी आणि नवी अशा दोन्ही ओळी राहतील, आणि पट्टीच्या हिशेबात हे महागात पडेल. उद्गारचिन्हाच्या कळीपासून मात्र सांभाळून राहावे. ती कमिट न केलेला बदल पुसते; टिग आधी विचारतो खरा, पण एकदा होकार दिला की तो बदल गिटकडेही शिल्लक राहत नाही.

प्रतिसाद २ (सातपूरचा वाचक)

देवनागरीच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आकड्यांची माळ ही गिटची सवय आहे. ‘ह’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइटांचे असते आणि ते तीन बाइट अष्टमान पद्धतीत लिहिले की ३४०, २४४, २७१ होतात. तुमच्या फाइलच्या नावाची सुरुवात नेमकी तीच आहे. ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केले की नाव सरळ मराठीत दिसेल.

वेलांट्या मात्र टर्मिनल बिघडवते. टर्मिनलचा पडदा चौकटींच्या वहीसारखा असतो. ‘हि’मधील वेलांटी साठवताना ‘ह’च्या नंतर येते आणि दाखवताना आधी काढावी लागते; जोडाक्षराला किती चौकटी द्यायच्या यावर टिगच्या मागची, पडद्यावर मजकूर मांडणारी एनकर्सेस लायब्ररी आणि तुमचे टर्मिनल यांचे एकमत झाले नाही, की पुढचे रकाने सरकतात. घरच्या संगणकावर एमएलटर्म हे टर्मिनल वापरून पाहावे, कारण भारतीय लिप्यांची जुळणी करण्याची सोय त्यात आहे. बदल घरच्याच बाजूला करायचा आहे, गाळ्यावर काही बसवण्याची गरज नाही. तेथे फक्त भाषेची सेटिंग दाखवणारा ‘लोकेल’ आदेश देऊन यूटीएफ-८ लागू आहे ना, एवढे पाहावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री स्मॉल डब्ल्यू आणि दोन कॅपिटल सी देऊन पाहिले. थोडे थांबावे लागले, पण ओळ थेट जुन्या छपाईच्या फाइलपर्यंत जाऊन पोहोचली. संदेश असा होता: “रोलची रुंदी कमी असल्यामुळे पैशांचा रकाना बसत नाही, म्हणून प्रत्येक कपात पूर्ण रुपयात.” म्हणजे ज्यांनी हे केले त्यांनी कोणाचा रुपया कापायला म्हणून केले नव्हते, कागद अरुंद होता म्हणून केले, आणि पुढे छापण्यासाठी काढलेली तीच रक्कम बेरजेतही वापरली गेली. आता कपातीची बेरीज पैशांसह करून शेवटी एकदाच पूर्ण रुपयात नेतो. दुरुस्तीची वजा आणि अधिक ओळ ‘१’ने निवडून वेगळा कमिट केला आहे आणि त्याच्या संदेशात वरचे ४७.६०, १२.५५ आणि ९.७० हे उदाहरण लिहून ठेवले आहे.

कोटपाथचे सेटिंग लगेच लागू झाले. लोकेल यूटीएफ-८ च निघाले. एमएलटर्म अजून बसवलेले नाही. त्यात टिगचे रकाने सरळ राहतात का हे कोणी स्वतः पाहिले असेल, तर कृपया कोणत्या फाँटवर पाहिले तेही लिहावे. त्या कमिटाची तारीख व्यापाऱ्यांना कळवली आहे आणि त्या दिवसापासूनच्या पट्ट्यांची यादी सोमवारी काढायची आहे.