मांडवीतील बेटे आणि गर्दीबाहेरचा गोवा: दिवाडीला जावे की चोडणला?

म्हापशातला_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. बँकेतील बदलीमुळे मी जूनमध्ये म्हापशाला राहावयास आलो आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कळंगुट-बागा दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे आहे. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-वडील सोलापूरहून येत आहेत. वडील कृषी खात्यातून निवृत्त झाले असून त्यांना शेती, पाणी आणि जुनी देवळे ह्यांत रस आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला फार चढ-उतार जमत नाही. दोघांनाही गर्दीचे आणि गाण्याच्या दणदणाटाचे वावडे आहे. मांडवी नदीतील दिवाडी आणि चोडण ह्या बेटांविषयी बरेच ऐकले, परंतु एकाच दिवसात जायचे तर कोणते निवडावे, आपली मोटार पलीकडे नेता येते का आणि जेवणाची सोय कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डिचोलीचा_मास्तर

आपण म्हापशात राहता हे उत्तमच झाले, कारण पणजीहून जाणारे बहुतेक लोक ज्या वाटेने दिवाडीला जातात, त्याच्या उलट दिशेने आपल्याला जाता येईल. सकाळी लवकर निघून डिचोलीमार्गे प्रथम नार्वे गाठावे. तेथे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा कदंब राजांचा कुलस्वामी. त्याचे मूळ स्थान नदीपलीकडे, दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडल्यावर भक्तांनी लिंग नदी ओलांडून अलीकडे आणले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी ह्या देवळाचा जीर्णोद्धार करविला आणि त्याचा शके १५९० चा लेख दारावर आहे. वडिलांना तो अवश्य दाखवावा.

दर्शन झाले की नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीत उतरावे. मोटार बोटीवर चढते. बोट काठाला लागली की पुढची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते, आधी स्कूटरवाले निघतात, मग गाड्या, आणि पायी आलेली मंडळी कडेकडेने. आईंना गाडीतून उतरण्याचेही कारण नाही. म्हणजे देव ज्या वाटेने आला, त्याच वाटेने आपण उलटे जाता. मला स्वतःला ह्या प्रवासातील सर्वांत मोठा आनंद हाच वाटतो, बाकी काही पाहिले नाही तरी चालेल.

बेटावर पिएदाद गावच्या टेकडीवर चर्च आहे आणि त्याच्या अंगणातून मांडवीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. शेजारच्या दफनभूमीतील छोट्या कपेलात, म्हणजे प्रार्थनाघरात, कदंबकाळातील कोरीव दगड आहेत. ते पाहताना तेथे शांतता पाळावी, एवढे सांगावेसे वाटते.

परंतु आपल्या वडिलांसाठी खरी गोष्ट सखल भागात आहे. दिवाडीच्या काठाने खाजन शेती पसरलेली आहे. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी माती आणि जांभ्या दगडाचा बांध घालून ही जमीन पिढ्यानपिढ्या राखलेली आहे. बांधात जागोजागी लाकडी दारे असतात, त्यांना येथे मानस म्हणतात. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून रेटा देते आणि दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते, आणि त्या वेळी तेथे जाळे लावून मासे धरतात. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगुट नावाचा भात पेरतात. हा भात थोडा खारेपणा सहन करतो. डिसेंबरात कापणी होऊन गेलेली असेल, म्हणून हिरवे शेत दिसणार नाही. परंतु मानस उघडताना पाहायची असेल तर ओहोटीची वेळ साधावी. कृषी खात्यातील माणूस तेथून लवकर हलणार नाही, हे मी अनुभवावरून सांगतो.

परतताना दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला उतरता येते.

काणकोणकर

मास्तरांचा बेत उत्तम आहे, त्यात मला भर घालायची नाही. आणखी एक दिवस हाती असेल तर काणकोण तालुक्यातील गालजीबाग पाहावे. सुरूच्या झाडांमागे लांबलचक वाळू आहे आणि एका टोकाला तळपण, तर दुसऱ्या टोकाला गालजीबाग नदी समुद्राला मिळते. हिवाळ्यात येथे ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात आणि वनखाते त्या जागेला कुंपण घालते. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी निघावे, विजेरी आणि आवाज टाळावा. म्हापशाहून अंतर बरेच आहे. आईंना प्रवास झेपेल का, ते आपणच पाहावे.

मालारची_सून

मी दिवाडीतच राहते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. अशी माहिती वाचली की पाहुण्याच्या सोयीचा आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. गेल्या वर्षी आमच्या घरासमोरच्या बांधावर भाड्याच्या स्कूटरी घेऊन आलेल्या मंडळींनी भर दुपारी ध्वनिवर्धक लावला आणि घरातील आजारी सासऱ्यांना त्रास झाला. बांध हे शेताचे कवच आहे. तो खचला की खारे पाणी आत येते आणि जमीन नापीक होते, त्यामुळे त्यावर गाडी चढवू नये, पायीच जावे. आमच्या बेटाला पूल नाही. काहींना ही गैरसोय वाटते. मला मात्र वाटते की येथील शांतता त्या फेरीबोटीनेच राखली आहे. फेरीला वेळ लागतो, घाई असलेला माणूस दुसरीकडे जातो.

शनिवार-रविवारी आणि नाताळच्या दिवसांत इकडेही वर्दळ असते, तेव्हा आपण मंगळवार किंवा बुधवार निवडावा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमच्याकडे बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, असतो. त्या दिवशी गर्दी एवढी होते की फेरीच्या रांगेत घामाघूम व्हावे लागते, परंतु मुलांचे फोटाश, म्हणजे बांबूच्या नळीतून फळे उडवण्याचा खेळ, पाहण्यासारखा असतो. आपण शांतता शोधता आहात, म्हणून तो सोडाच.

जेवणाच्या बाबतीत बेटावर विसंबून राहू नये. डबा बरोबर आणावा किंवा जुन्या गोव्याला उतरून जेवावे; नाताळच्या आठवड्यात तेथेही गाड्यांची दाटी होते, हे लक्षात असू द्यावे.

म्हापशातला_सोलापूरकर

मालारच्या ताई, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे. आम्ही गाडी रस्त्यावरच ठेवू आणि बांधावर वडिलांना एकटेच पायी पाठवू. त्यांना तसेही सोबत नको असते. मास्तर, चोडणविषयी काहीच लिहिले नाहीत, ते मुद्दाम का?

डिचोलीचा_मास्तर

मुद्दाम नव्हे, विसरलो. चोडणला रायबंदरहून फेरीने जाता येते आणि तेथे सलीम अली ह्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. ते पाहण्यासाठी खारफुटीतून फिरावे लागते. ओहोटीला चिखलात निवटी मासे उड्या मारताना दिसतात, खंड्या आणि बगळे हमखास दिसतात, परंतु वाट ओलसर आणि घसरडी असते. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवीन.

मालारची_सून

मास्तरांशी सहमत आहे. आणखी एक गोष्ट: नार्व्याच्या धक्क्यावर फेरी नुकतीच सुटली असेल तर पुढच्या फेरीपर्यंत आईंना ऊन लागेल. गाडी झाडाखाली लावा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा.