कोस्टा रिकाला जाऊन आलात का? अनुभव लिहा

रानजाई
काल कपाट आवरताना पासपोर्टच्या जुन्या कव्हरातून दहा हजार कोलोनची नोट पडली. हिरवीगार, प्लास्टिकची, मागे फांदीला लटकलेला स्लॉथ. ही नोट आईने खर्चू दिली नव्हती, म्हणाली हा प्राणी घरी न्यायचा. २०२३ च्या जानेवारीत आम्ही दोघी गेलो होतो. ला फोर्तुनात तीन दिवस आरेनाल ज्वालामुखी ढगातच होता, निघायच्या दिवशी पहाटे आईने मला हलवून उठवलं, समोर पूर्ण शंकू मोकळा, पाचेक मिनिटंच, मग परत झाकला. आई हात जोडून उभी होती. ती जाऊन आता वर्ष होईल.
भाचा डिसेंबरात चाललाय आणि मला शंभर प्रश्न विचारतोय म्हणून इथे लिहितेय. आमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा होता, त्यावर प्रवेश मिळाला, वेगळा काढावा लागला नाही. पण नियम बदलतात, तिकिटाआधी वकिलातीकडून खात्री करून घ्या. डॉलर जवळपास सगळीकडे चालतात, सुट्टे मात्र कोलोनमध्ये परत येतात, डॉलरला साधारण पाचशे धरा. बाकी तुम्ही लिहा.

घाटमाथा
ताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. नोट जपून ठेवा.
गाडीचं सांगतो, कारण आम्ही तिथेच अडकलो. ऑनलाइन भाडं इतकं कमी दिसत होतं की दोघांनी दोनदा तपासलं, आणि काउंटरवर गेल्यावर कळलं तिथला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो त्या आकड्यात नव्हताच, एकूण रक्कम तिपटीवर गेली. रात्रीचे अकरा, मुलं झोपेने पेंगलेली, भरले पैसे. बुक करतानाच लेखी विचारा की सक्तीचा विमा धरून किती. दुसरं, संध्याकाळी सहाला अंधार होतो, बाराही महिने, विषुववृत्ताजवळ आहे ना. घाटात दिवे नाहीत, कडेला खोल गटार, समोरून ट्रक. चारच्या आत मुक्कामी पोचायचं असं ठरवूनच निघा. ला फोर्तुना ते मोंतेवेर्दे मात्र गाडी न घेता गेलात तर उत्तम, व्हॅन, मग आरेनालच्या तलावातून बोट, मग परत व्हॅन, तीनेक तासांत पोचवतात, रस्त्याने तलावाला मोठा वळसा पडतो.

चिंचगूळ
शाकाहारी लोकांनो इकडे या 🙋‍♀️ "सिन कार्ने" म्हणजे मांस नको असं सांगितलं आणि भातावर चिकन आलं. त्यांच्या बोलण्यात कार्ने म्हणजे मुख्यतः गाईचं मटण. मग पाठच केलं, सिन कार्ने, सिन पोयो (चिकन नको), सिन पेस्कादो (मासे नको), सिन हामोन. हामोन विसरू नका, ते हॅम कशातही असतं. बीन्समध्ये कधी डुकराची चरबी पडते, तेही विचारायचं, "मांतेका?" एवढं म्हटलं तरी कळतं त्यांना. छोट्या खानावळीला तिथे सोदा म्हणतात, बोर्डावर नाव दिसलं की आत शिरा, हॉटेलपेक्षा खूप स्वस्त. कासादो मागवायचा, भात, काळे बीन्स, कोशिंबीर, तळलेलं गोड केळं, आमच्या सोदातल्या काकू मांसाच्या जागी अंडं द्यायच्या. सकाळी गायो पिंतो, म्हणजे रात्रीचा भात आणि बीन्स परतून. फोडणीचा भातच की हो!! आणि चिंचेचं सरबत! फ्रेस्को दे तामारिंदो. गूळ नाही, साखर, पण पहिला घोट घेतला आणि मी आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते 😄 (भारत साडेअकरा तास पुढे आहे, लक्षात ठेवा.)

सागरगोटा
@चिंचगूळ लिझानो सॉस आणलात की नाही? आमच्याकडे बाटली संपली तेव्हा मुलगा रुसला होता.

चिंचगूळ
@सागरगोटा दोन आणल्या! पोह्यांवर घालून बघा, खरंच.

पाऊसवेडी
पोह्यांवर?? लिंबू कुठे गेलं मग
असो. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, त्याला ते उन्हाळा म्हणतात, मे ते नोव्हेंबर पाऊस. पण आम्ही मुद्दाम सप्टेंबरात गेलो आणि काही बिघडलं नाही, कारण कॅरिबियन बाजूला सप्टेंबर-ऑक्टोबरातच उघडीप असते, उलटं आहे सगळं. त्याच बाजूच्या तोर्तुगेरो गावाला रस्ताच जात नाही, ला पावोनाच्या धक्क्यावरून बोट. तिथे रात्री हिरवं समुद्री कासव अंडी घालताना पाहिलं. गाइडशिवाय किनाऱ्यावर रात्री सोडत नाहीत, फोन-कॅमेरा बंद, गाइडकडे लाल दिवा. माझं माहेर मंडणगडचं, वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडताना कितीदा बघितलीयत, पण मादी कधीच नव्हती पाहिली. ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरते ना, अगदी हळू, एक वल्हं आत, वाळू उचलायची, बाजूला टाकायची, मग दुसरं. डोळ्यातून चिकट पाणी गळत असतं. गाइड म्हणाला ते मीठ बाहेर टाकणं आहे. मला काही बोलवेना.

रानजाई
@पाऊसवेडी काय सुंदर लिहिलंस गं. आईला हे दाखवायचं राहिलं.

गोट्याकाका
पत्त्याचं कुणी लिहिलं नाही. तिथे घर नंबर कुणी वापरत नाही. चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास मीटर पूर्वेला, असा पत्ता. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, टेप घेऊन मोजू नका. सान होसेला सान पेद्रो भागात "जुन्या इगेरोनपासून" असं सांगतात, ते उंबराच्या कुळातलं झाड केव्हाच गेलं. आमच्याकडे पाडलेल्या टॉकीजच्या नावाने बसस्टॉप चालतो तसंच. रस्ता शोधताना वेझ (फोनवरचं नकाशाचं ॲप) लावा, तिथले सगळे तेच वापरतात.
आणि मान्युएल आन्तोनियो उद्यान मंगळवारी बंद. तिकीट फक्त ऑनलाइन, आधीच. दारात पिशव्या तपासून खाऊ काढून घेतात, माकडांना तो मिळू नये म्हणून आहे ते, राग मानू नका.

सागरगोटा
किनाऱ्यावर गाडीत काही म्हणजे काही ठेवू नका. आमची मागची काच फोडून बॅग नेली, वीस मिनिटांत, पासपोर्ट त्यातच. पुढचे दोन दिवस पोलीस आणि वकिलात यातच गेले. पोलिसातले लोक मात्र फार मायेने वागले, मुलीला फळं कापून दिली. तेव्हापासून पासपोर्ट अंगावर, झेरॉक्स बॅगेत. आणि समुद्र दिसतो तसा नाही हो. आत ओढणारा प्रवाह असतो, बऱ्याच किनाऱ्यांवर लाइफगार्ड नसतो. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. मुलांना हे आधी सांगा. इमर्जन्सी नंबर ९११.

घाटमाथा
बापरे. मुलगी घाबरली असेल फार.

सागरगोटा
@घाटमाथा हो, पण तिला आता फक्त ते कापलेलं पपईचं ताट आठवतं.

चिंचगूळ
कॉफीचं राहिलं! लाकडी स्टँडला कापडी पिशवी, त्यात पूड, वरून उकळतं पाणी, खाली कप. चोर्रेआदोर. आजी चहा फडक्याने गाळायची तोच वास, ओल्या कापडाचा. मी एक घेऊन आलेय, रोज वापरते, पिशवी साबणाने धुवायची नाही बरं का, नुसत्या पाण्याने.

पाऊसवेडी
आमच्याकडे अजून फडकंच आहे, सासूबाई स्टीलची गाळणी लावू देत नाहीत ❤️

भटकी_मैना
आम्ही मार्चमध्ये जातोय, प्लग कुठला? नळाचं पाणी पिता येतं का? हॉटेलच्या बिलावर टिप वेगळी द्यायची का?

गोट्याकाका
@भटकी_मैना प्लग अमेरिकेचाच, दोन चपट्या पट्ट्या, ११० ते १२० व्होल्ट. घरचा इंडक्शन नेऊ नका. पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं, आम्ही बाटल्या विकत घेतल्या नाहीत, अगदी आडगावी विचारून घ्या. बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवा लागूनच येतात, वर ठेवलं तर तुमची खुशी. आणि बाथरूममध्ये कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारी डबा असतो त्यात. पाइप बारीक आहेत.

भटकी_मैना
थँक्यू काका 🙏 आणि डास?

गोट्याकाका
आहेत. डेंग्यूही आहे. ओडोमॉस न्या, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट न्या. जेवून येतो, मग उरलेलं लिहितो.