जुन्या मासिकांचे पीडीएफ वाचायला कोणता पडदा घ्यावा?

मेघना_धुळे

नमस्कार. १९०० च्या आगेमागे निघालेल्या मराठी मासिकांवर माझं काम चालू आहे. चारशेच्या आसपास अंक स्कॅन करून ठेवलेत, सगळे पीडीएफ. लॅपटॉपवर रात्री तीन तास वाचलं की डोळे चुरचुरतात, आणि दुपारी वीज गेली की कामच थांबतं. ओसरीवर बसून दिवसाच्या उजेडात वाचता येईल आणि सारखं चार्जिंगला लावावं लागणार नाही असं काहीतरी हवंय. दुकानदार 'कागदासारखा' पडदा असलेला एक टॅबलेट पुढे करतो. भाची म्हणते, ६ इंची ई-रीडर घे. शिवाय आता रंगीत ई-इंकही (ई-रीडरवर असतो तो पडदा) मिळतं. यांत नेमका फरक काय? बजेट ३५ हजार. स्वतः वापरलंय त्यांनी सांगितलं तर बरं.

सह्यवाटा

माझ्याकडे ६ इंची ई-इंक आहे, सहा वर्षं झाली. कादंबऱ्या वाचतो. चार्जिंग दोन-तीन आठवडे पुरतं, ट्रेकला भर उन्हातही अक्षर लख्ख दिसतं. स्कॅन केलेलं पुस्तक मात्र एकदाच उघडून पाहिलं आणि बंद केलं. तुमच्या कामाला हे पुरणार नाही.

खिळेजुळारी

मेघनाताई, आमचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता. मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून खिळे जुळवले, त्यामुळे कुठल्याही पडद्यावर माझी नजर आधी अनुस्वारावर जाते. तुमच्या कामात तोच कळीचा आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचा मजकूर म्हणजे 'नाहीं', 'जेथें', 'करितां', 'घरांत'. ओळीओळीत टिंबं. त्यात खिळा झिजलेला, शाई पसरलेली. पडदा भरड असला तर ते टिंब शिरोरेघेत विरघळतं, आणि मूळ छपाईत ते होतं की नव्हतं हे कळायला मार्ग राहत नाही.

आधी वीज कमी का लागते ते सांगतो. साध्या एलसीडीत (लॅपटॉपच्या नेहमीच्या पडद्यात) मागून दिवा लावावा लागतो आणि त्यातला बहुतेक उजेड वाटेतच अडतो. उन्हात बसलात की त्या दिव्याला सूर्याशी स्पर्धा करावी लागते. ई-इंकमध्ये केसाएवढ्या जाडीच्या कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण. त्यांच्यावर विरुद्ध विद्युतभार असतो. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. म्हणून पान उलटतानाच काय ती वीज लागते. कण खरोखर द्रवातून सरकत असल्यामुळे पान बदलायला वेळ लागतो आणि मागच्या पानाची पुसट सावली उरते. मधूनमधून पडदा पूर्ण काळा-पांढरा करून घेतला की ती जाते.

दुसरा प्रकार मागच्या दिव्याशिवाय चालणारा एलसीडी. हा मला मनापासून आवडतो. 'ओएलपीसी' (वन लॅपटॉप पर चाइल्ड) या शाळकरी मुलांसाठीच्या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप आठवतो का? २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मुलांना तो दिला होता. त्याचा साडेसात इंची पडदा उन्हात नेऊन दिवा बंद केला की काळा-पांढरा व्हायचा, इंचाला २०० ठिपके. त्या काळी एवढं रेखीव अक्षर महागड्या लॅपटॉपवरही सहसा नसायचं. तो घडवणाऱ्या मेरी लू जेपसन यांनी पुढे 'पिक्सेल ची' (Pixel Qi) नावाची कंपनी काढली, आणि २०११ मध्ये आपल्याकडच्या 'नोशन इंक'ने 'ॲडम' टॅबलेटमध्ये त्यांचा पडदा वापरला. ही वाट मोठी झाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. अलीकडे २०२४ मध्ये अमेरिकेत 'डेलाइट' नावाचा असा टॅबलेट आला. यावर पान झर्रकन उलटतं, सावली राहत नाही. पण पोलरायझर (एलसीडीतला प्रकाश गाळणारा थर) अर्ध्याहून जास्त उजेड खातो, त्यामुळे पांढरा रंग राखाडीकडे झुकतो. ओसरीवर छान, संध्याकाळी खोलीत मंद.

दुकानदाराच्या टॅबलेटबद्दल सावध राहा. 'कागदासारखा' म्हणून मी एक घेतला होता. घरी आणल्यावर कळलं की साधाच एलसीडी, वर खरखरीत थर. चकाकी कमी होते, डोळ्यांना थोडा आराम मिळतो, पण मागचा दिवा सतत जळतो. दुकानाबाहेर उन्हात नेऊन ब्राइटनेस अगदी शून्यावर आणायला सांगा. अक्षर दिसेनासं झालं तर तो तुमच्या कामाचा नाही.

रंगीत ई-इंक तुम्ही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कॅलिडो प्रकारात काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगीत गाळणी बसवलेली असते. कॅलिडो ३ वर काळं-पांढरं इंचाला ३०० ठिपके आणि रंगीत १५०. पण गाळणीमुळे सगळा पडदाच काळपट होतो, मग खोलीत समोरचा दिवा लावावा लागतो आणि बॅटरी उतरते. पिवळ्या पडलेल्या कागदाचं स्कॅन त्यावर आणखी मळकट दिसतं.

आता आकार. डेमी (पुस्तक-मासिकांचं एक नेहमीचं माप) पान साधारण १४ बाय २१.६ सेंटिमीटर. ६ इंची पडद्याची रुंदी ९ सेंटिमीटर, म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर पावणेआठ पॉइंटचा होतो. १०.३ इंची पडदा १५.७ बाय २०.९, म्हणजे समास कापले की मूळ छपाईएवढं किंवा किंचित मोठंच अक्षर. या मापाच्या बऱ्याच पडद्यांवर इंचाला २२६ ठिपकेच, ३०० नाहीत. पण पान मूळ मापात दिसत असल्यामुळे माझ्या मते अनुस्वार तगतो.

मेघना_धुळे

खूप आभार. आत्ताच पट्टीने मोजलं. बहुतेक अंक डेमी आहेत, काही थोडे मोठे. दोन शंका. मजकूर कापून पडद्याच्या रुंदीत बसवणारे प्रोग्रॅम असतात, ते वापरून ७.८ इंचावर भागेल का? आणि बॅटरी खरंच आठवडेच्या आठवडे चालते?

खिळेजुळारी

कापणीवर जुन्या अंकांत भरवसा ठेवू नका. ओळी दाटीने लावलेल्या असतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो आणि प्रोग्रॅम तिथेच चुकतो. मी केओरीडर नावाचा वाचायचा प्रोग्रॅम वापरतो, पण फक्त समास कापायला आणि कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) वाढवायला. तो वाढवला की पिवळा कागद पांढरा होतो. फार वाढवला की बारीक टिंबंही जातात, तेव्हा बेताने.

बॅटरीचे आठवडे साध्या मजकुराचे. स्कॅनचं प्रत्येक पान म्हणजे चित्र, ते उघडायला प्रोसेसर राबतो. माझा १०.३ इंची रोज तीन तास वाचून, वायफाय बंद ठेवून, पाच-सहा दिवस जातो. वीज गेल्यावर तेवढं पुरेल ना?

मेघना_धुळे

भरपूर झालं. १०.३ काळा-पांढराच बघते. दुकानात जाताना कोणतं पान नेऊ?

खिळेजुळारी

सर्वांत वाईट छपलेलं न्या. जाहिरातींचं किंवा तळटीपांचं, बारीक खिळ्यातलं. 'नाहीं' शोधा आणि झूम न करता टिंब दिसतं का पाहा.

सह्यवाटा

मेघनाताई, घेतल्यावर त्या पानाचा फोटो इथे नक्की टाका.