५२ किलोवर अडकलोय, गेनरचा दुसरा डबा घेऊ का?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. वय २३, उंची ५ फूट ९ इंच, वजन ५२. गेली दोन वर्षं काटा ५१ आणि ५३ च्या मध्येच फिरतोय. महापे एमआयडीसीत कामाला आहे. सकाळी साडेसातला घर सोडतो, संध्याकाळी सातला जिम. पाच महिने झाले, रविवार सोडून एक दिवस चुकवलेला नाही.

जिमच्या ट्रेनरने सांगितलं म्हणून मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, ३ किलोचा डबा घेतला. ३,२०० रुपये. दिवसातून दोनदा दुधातून घ्यायचा होता. पहिल्या आठवड्यात दीड किलो वाढलं, पण पोट सतत फुगलेलं. कंपनीत दोन-तीनदा काम सोडून धावावं लागलं. डबा संपला आणि तीन आठवड्यांत परत ५२. आता ट्रेनर म्हणतो तू हार्डगेनर आहेस, म्हणजे सहजासहजी वजन न वाढणारा, दुसरा डबा घे आणि सोबत क्रिएटिन, बीसीएए या जिमवाल्यांच्या पावडरी सुरू कर. सगळं मिळून सात हजार होतात. पगार २१ हजार, त्यातले दहा घरी देतो.

मी खातो भरपूर. आई म्हणते खाल्लेलं अंगी लागत नाही. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "घरात जेवायला घालत नाहीत का रे?" मला सवय झाली आहे, पण आईचा चेहरा उतरतो. घरी सोमवार, गुरुवार, शनिवार वशाट (मांस-मासे) नसतं, अंडंही नाही. बाकी दिवस अंडी-मासे चालतात. दुसरा डबा घेऊ का? आणि क्रिएटिनने किडनी जाते हे खरं आहे का?

नौपाड्याची ताई

मी आहारतज्ज्ञ आहे. डब्याचं नंतर बघू, आधी तब्येत. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १७ च्या आसपास येतो. १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. पुष्कळ मुलांची अंगकाठीच बारीक असते आणि ती ठणठणीत असतात, तरी एकदा डॉक्टरांना दाखव. सीबीसी (रक्तपेशींची), थायरॉईडची टीएसएच, साखर आणि बी १२ एवढ्या तपासण्यांबद्दल विचार. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, किंवा न सांगता उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर टाळाटाळ करू नकोस. टीबीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

पोट फुगण्याचं कारण गेनर असेल किंवा दूधही असेल. गेनर संपलाच आहे, आता चार दिवस दूधही बंद कर, मग फक्त दूध घेऊन बघ. दूध सोसत नसेल तर दही-ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजण लागताना दुधातली लॅक्टोज साखर कमी होते.

खारेगावचा

भावा, २००९ साली मी ४९ किलोचा होतो. उंची तुझ्याएवढीच. कळव्याहून ठाण्याला येऊन वाशी लोकल पकडायची, रबाळ्याला उतरायचं, बारा तास कंपनी आणि परत. तू लिहिलेलं "मी खातो भरपूर" हे वाक्य मी तेव्हा दिवसातून चारदा म्हणायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. व्यायामशाळेत येणाऱ्या एकाने मला एक बिनलेबलची भुकटी दिली. देशी औषध आहे, सकाळ-संध्याकाळ चमचाभर घे म्हणाला. भूक अशी लागायची की जेवून उठल्यावर अर्ध्या तासात परत डबा उघडायचो. पाच आठवड्यांत सहा किलो वाढलो. आई इतकी खूश झाली की तिने गणपतीला नारळाचं तोरण वाहिलं. पण गाल सुजल्यासारखे गोल झाले होते, पोट आलं होतं आणि दंड होते तसेच काडी. डॉक्टरांनी चेहरा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय घेतोयस?" भुकटीत स्टेरॉइड असावं असं ते म्हणाले. मी घाबरून त्याच दिवशी फेकून देणार होतो, तर त्यांनी थांबवलं. असली गोष्ट एकदम बंद केली तर अंगावर येऊ शकते, कारण शरीराने स्वतःचं हार्मोन बनवणं कमी केलेलं असतं. त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवली. सहाच्या सहा किलो गेले. तेव्हा हात जोडून सांगतो, ज्याच्यावर छापील लेबल नाही, घटक लिहिलेले नाहीत, एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक नाही, ते तोंडात घालू नकोस. कुणीही देवो. इंजेक्शनचं नाव कुणी काढलं तर तिथून निघून ये.

त्याच डॉक्टरांनी मला वही करायला लावली. सात दिवस जे पोटात जाईल ते सगळं लिहायचं, चहासकट. मला वाटलं वही भरून जाईल. प्रत्यक्षात मंगळवारच्या पानावर चार ओळी होत्या. रविवारचं मटण आणि सात पोळ्या आपल्या लक्षात राहतात. मंगळवारचा बुडलेला नाश्ता आणि लोकलच्या गर्दीत तसाच परत आलेला अर्धा डबा लक्षात राहत नाही. आठवड्याची बेरीज केली तेव्हा कळलं की मी भरपूर खात होतो तो एकच दिवस, रविवार.

तुझा दिवस मी अंदाजाने मांडतो, चुकलं तर सांग. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात तीन पोळ्या-भाजी, थोडा वरणभात, संध्याकाळी जिमच्या आधी वडापाव, रात्री दोन पोळ्या आणि आमटीभात. हे १,८०० ते १,९०० कॅलरीच्या आसपास बसतं आणि प्रोटीन ४५ ग्रॅमच्या पुढे फारसं जात नाही. तुझ्या वजन-उंचीला, दिवसभर काम आणि वर जिम धरून, आहे तिथे राहायलाच २,१०० ते २,३०० लागत असतील. वाढायचं तर त्यावर ३००-४००. प्रोटीन वजनाच्या किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम, म्हणजे तुला ८० ते ९०. नुसतं जगायला यापेक्षा बरंच कमी पुरतं, पण तू रोज वजनं उचलतोयस.

आता तुझा डबा. रिकामा असला तरी लेबल वाच. बहुतेक गेनरांत पाऊणएक भाग माल्टोडेक्स्ट्रिन नावाचं पिठूळ कार्बोहायड्रेट असतं आणि १०० ग्रॅममागे प्रोटीन १५च्या आसपास. विष नाही ते, पण ३,२०० रुपयांचंही नाही. पहिल्या आठवड्यातलं दीड किलो बरंचसं पाणी आणि आतड्यात साठलेलं होतं, मांस इतक्या झपाट्याने चढत नाही. ट्रेनर म्हणतो ते हार्डगेनर वगैरे मनावर घेऊ नकोस. काहींची चुळबुळ जास्त असते, काहींची भूक लवकर भागते, तेवढा फरक खरा आहे. पण वहीतला आकडा वाढला की काटा हलतो.

माझ्या वहीत काय वाढलं ते सांगतो. बिस्किटं आणि वडापाव गेले. अर्धा लिटर फुल क्रीम दूध आलं, निम्मं सकाळी, निम्मं झोपताना. तीन उकडलेली अंडी. दोन केळी. आणि ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, हे खिशात, कारण लोकलमध्ये उभं राहूनही खाता येतात. एवढ्याने ११०० कॅलरी आणि ४८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं. बिस्किटं-वडापावचे चारएकशे वजा केले तरी तू २,५०० च्या पुढे जातोस. सगळं एका दिवशी सुरू करू नकोस, पोट परत बिघडेल. पहिला आठवडा केळी-शेंगदाणे, दुसऱ्यात अंडी, मग दूध, तेही ताईंनी सांगितलं तसं सोसलं तर. जेवायच्या आधी पाणी ढोसू नकोस, बारीक माणसाचं पोट तेवढ्यानेच भरतं. आणि आईला सांग भातावर तूप एक चमचा जास्त घालायला. तिला ते आवडेल.

आणखी एक विचारतो. पाच महिन्यांपूर्वी स्क्वॉटला (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) बारवर किती प्लेट होत्या आणि आज किती? हे तोंडपाठ नसेल तर तीही वही कर. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच, रोइंग, ओव्हरहेड प्रेस, हे पाच व्यायाम धर. आठवड्यात तीन-चार दिवस पुरेत, सहा नकोत. दर आठवड्याला एखादी उचल जास्त झाली पाहिजे किंवा बारवर अडीच किलो चढलं पाहिजे. बारवरचं वजन चढत नसेल तर खाल्लेलं पोटावर जातं. आणि झोप सात तासांच्या खाली नको.

मला ४९ वरून ६३ ला यायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत आलेलं वजन आजही टिकून आहे.

ऐरोलीचा शाकाहारी

दादांनी अंड्यांचं सांगितलं, तुझ्या तीन दिवसांचं मी सांगतो. सोयाबीन वडी. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन, आणि किराणा दुकानात याहून स्वस्त प्रोटीन मला सापडलेलं नाही. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळ, म्हणजे वास जातो. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाक. वशाटाच्या वाटणात वडी छान लागते, घरच्यांनाही वेगळं काही शिजवावं लागत नाही.

वशाट म्हणतोस म्हणजे कोकणातला दिसतोस, घरी कुळथाची पिठी होत असणार. कुळीथ डाळीच्या तोडीचा आहे, पण आपण पिठी पातळ करतो आणि भात डोंगराएवढा घेतो. ती घट्ट करायला सांग, दोन वाट्या घे. शनिवारी १०० ग्रॅम पनीर, त्यात १८ ग्रॅम प्रोटीन. हरभरे-शेंगदाणे वाशीच्या एपीएमसीतून पाच-पाच किलो एकदम आणतो मी, खूप फरक पडतो.

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय कारण वही पूर्ण करायची होती. दादा, तुमचा अंदाज माझ्यापेक्षा खरा निघाला. सात दिवसांची सरासरी १,७९०, प्रोटीन ४३. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद पडलं म्हणून डबा उघडलाच नव्हता आणि मला ते आठवतही नव्हतं, आईने डबा धुताना सांगितलं. स्क्वॉटचं विचारलंत, तर पाच महिने ३० किलोच मारतोय.

रिपोर्ट आले. थायरॉईड, साखर ठीक. बी १२ कमी आहे, गोळ्या दिल्यात. दूध बंद केल्यावर पोट शांत झालं, परत घेतलं तर फुगलं. आता दही खातो, दोन वाट्या. वडीचं कालवण आईने गुरुवारी केलं, बाबांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

डबा घेत नाही. क्रिएटिनचं मात्र कुणी सांगितलं नाही.

नौपाड्याची ताई

क्रिएटिन मोनोहायड्रेट सप्लिमेंटमध्ये सगळ्यात जास्त अभ्यासलेलं आहे. निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेने इजा होते असं त्यात दिसलेलं नाही. गैरसमज होतो तो रिपोर्टमुळे. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनीन होतं, किडनीच्या तपासणीत तोच आकडा थोडा वर दिसतो आणि माणूस घाबरतो. म्हणून सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनीन तपासून ठेव आणि पुढे कधीही रक्त दिलंस तर डॉक्टरांना सांग. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. रोज ३ ते ५ ग्रॅम, साध्या पाण्यातून, कुठल्याही वेळी. सुरुवातीला किलोभर वाढेल ते स्नायूंतलं पाणी असतं. बीसीएए म्हणजे प्रोटीनमधलीच तीन अमिनो आम्लं, ती वेगळी नकोत, अंडी-दही-डाळीत ते सगळं आहे.

पण घाई काय आहे? आधी दोन महिने वहीप्रमाणे खा.

खारेगावचा

ताईंशी सहमत. ३० किलोवर पाच महिने, हे ऐकून मला तुझ्या खाण्यापेक्षा ट्रेनरची जास्त काळजी वाटली. सोमवारी साडेबत्तीस कर. दही सोसतंय तर जिमहून आल्यावर त्यातच केळं कुस्करून, वर शेंगदाण्याचं कूट घालून खा. काटा रोज सकाळी पोट साफ झाल्यावर बघ, पण मोजायची ती आठवड्याची सरासरी. पाव किलो वाढली की बास. दोन आठवडे जागची हलली नाही तर रात्री एक पोळी आणि एक अंडं वाढव, आणि इथे येऊन सांग.